रॅलीतली शेवटची फेरी

तापलेल्या ब्रेकचा वास आला की हौशी चालकांची ती मोटार रॅली आठवते. कोल्हापूरहून निघून परत कोल्हापुरात यायचं होतं. वडील गाडी चालवत होते आणि शेजारी बसून मी रस्ता सांगत होते. चंदगडच्या पुढं घाटात एक वळण त्यांच्याकडून चुकता चुकता राहिलं आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. "आता तू चालव, पोरी. मला सगळं धुरकट दिसाय लागलंय," ते म्हणाले. "कधीपासनं?" "लई दिस झालं. एकदा शेवटची चालवायची हुती." मी जागा बदलली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढं गेल्या. कोल्हापुरात आई ओवाळायला ताट घेऊन उभी होती. ते तिच्यासमोर जाऊन थांबले आणि त्यांनी मला विचारलं, "कोण हाय गं?" आज दोघंही नाहीत, पण आईचा तेव्हाचा आवाज अजून ऐकू येतो, "मीच हाय की वो."