धीर येईन असा शर्ट

दिग्रस तालुक्यात आज जेवढी माणसं धडधाकट हिंडताना दिसतात, त्यांतली निम्मी आमच्या साडूंच्या शर्टामुळे जगली आहेत, असं त्या साडूंचंच ठाम मत आहे. औषध, डॉक्टर, रस्ता आणि देव या सगळ्यांचा वाटा ते मान्य करतात, पण शर्टानंतर. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते रुग्णवाहिका चालवतात. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला हल्ली कागदोपत्री पायलट म्हणतात. हे ज्या कोणाला सुचलं, त्याने माझं सासुरवाडीतलं स्थान कायमचं खाली आणलं. थोरला जावई मी. बाजारात माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे आणि दोन पिढ्या माझ्या हाफपँटीत वाढल्या आहेत. पण सासूबाई गावभर सांगायच्या, "मोठा कपडे इकते अन् लहाना पायलट हाय." साडूंच्या लग्नात एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "काहो, मंग हा इमान ठेवते कोठी?" मी म्हणालो, "सरकारी दवाखान्याच्या शेडात." म्हाताऱ्याचं समाधान झालं. सरकारचं विमान सरकारी शेडातच असणार.

आता पायलट म्हटलं की गणवेश आला. निळी पँट, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, छातीवर नाव. दुसऱ्या कोणाला हा पोशाख मिळाला असता तर त्याने तो घालून आधी फोटो काढला असता. साडूंना मात्र तो पहिल्या महिन्यापासून सोसला नाही, आणि त्याला कारणही घडलं. एकदा ड्यूटीवरून परतताना त्यांना तहान लागली म्हणून त्यांनी ओळखीच्या एका घरापुढे गाडी उभी केली आणि आत जाऊन पाणी मागितलं. पाणी पिऊन होतं न होतं तोच अंगणात शेजारीपाजारी जमले. कोणी खांद्यावर दुपट्टा टाकून आला होता, कोणी नातेवाइकांना फोन लावत होता. एकाने हळूच विचारलं, "माती किती वाजता हाय?" घरातले आजोबा तेव्हा न्हाणीत दाढी करत होते. त्यांना अर्ध्या फेसानिशी बाहेर येऊन आपण हयात असल्याचं सर्वांना दाखवावं लागलं. आजोबांनी नंतर साडूंशी बोलणंच टाकलं.

तेव्हापासून साडूंचा सिद्धांत पक्का झाला. "साडभाऊ," ते मला म्हणाले, "हा डिरेस दारात दिसला का रोगी समजते, आता आपलं काही खरं नाई. अर्धी बिमारी तं डिरेसच वाढवते." मी म्हणालो, गणवेशामुळे शिस्त येते, ओळख पटते, विश्वास बसतो. गणवेशावर माझं घर चालतं, तेव्हा माझं मत अगदीच निःपक्षपाती होतं असा माझा दावा नाही. साडूंनी सगळं ऐकून घेतलं, चहा संपवला आणि दुकानातल्या कपडे टांगायच्या घोड्यांकडे पाहत म्हणाले, "बुढीले धीर येईन असा शर्ट दाखवा."

एवढ्या वर्षांच्या धंद्यात गिऱ्हाइकाने माझ्याकडे असली मागणी कधी केली नव्हती. मी बारीक चौकडीचा एक बदामी शर्ट काढला. साडूंनी तो अंगाला लावला आणि समोर नातवासाठी गणवेशाची पँट बघायला आलेल्या एका आजीबाईंपुढे उभे राहिले. "काहो मावशी, मले पाहून कसं वाट्टे? दवाखान्यात जावंसं वाट्टे का?" आजीबाईंनी चष्मा सारखा केला, त्यांना खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मले कायले जा लागते दवाखान्यात? पण जा लागलंच, तं तुह्यासंगं येईन बाप्पा." शर्ट पसंत झाला. आजीबाई मात्र पँट न घेताच गेल्या.

मग हळूहळू रुग्णवाहिकेत पायलटच्या सीटमागे एक तार बांधली गेली आणि तिच्यावर हँगर लटकू लागले. म्हाताऱ्या माणसांसाठी बदामी चौकडी. लहान लेकरांसाठी पोपट छापलेला शर्ट, जो मी स्वतः कधी कोणाला विकला नसता. साप चावलेल्यांसाठी खाकी. खाकीचं कारण मी विचारलं तर म्हणाले, "साप चावलेल्यानं झोपू नये म्हणते न? खाकी पाहून कोण झोपते?" आणि बाळंतिणींसाठी त्यांच्या स्वतःच्या हळदीतला पिवळाधम्मक कुर्ता, गळ्याला जरी असलेला. हा कुर्ता पाहून एक अडलेली बाई वेणांमध्येच खो-खो हसत सुटली आणि दारव्ह्याच्या अलीकडेच सुखरूप मोकळी झाली. मुलगी झाली. साडूंनी हे श्रेय आजतागायत कुर्त्याकडून काढून घेतलेलं नाही. फोन आला, रोगी कोण ते कळलं, की ते एका हाताने गाडी सुरू करत आणि दुसऱ्या हाताने बटणं लावत. मागे बसणाऱ्या डॉक्टर मॅडम तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायला शिकल्या होत्या.

शर्टाच्या जोडीला जीभ होतीच. दिग्रसहून यवतमाळपर्यंत ते रोग्याला रस्ता सांगत जात. हे कोणाचं वावर, त्यानं यंदा तूर पेरली का सोयाबीन, त्याच्या पोरीला कुठं दिली. यवतमाळच्या वेशीवरचं लोहारा आलं की आवाज चढवून म्हणायचे, "लोहारा आलं! आता मरायचं असन तरी टाइम नाई भेटत." पूर्वी ते कापसाचा टेम्पो चालवत. जिनिंगपर्यंत गाठोडी न्यायची आणि रिकामं परत यायचं. "गाठोडं बोलत नाई, साडभाऊ," ते म्हणायचे. "हे काम भेटलं अन् मले माणसं भेटली." त्या गाडीवर त्यांचा इतका जीव होता की घरच्या मोटरसायकलला ते वर्षानुवर्षं पाणी लावत नसत, पण रुग्णवाहिकेचं चाक न् चाक पुसून काढत. ती हातातून गेली तर हा माणूस करील काय, हे मला कधी सुचलं नाही. त्यांनाही सुचलं नसावं.

पण एक दिवस माझं म्हणणं खरं ठरलं, आणि ते ठरायला नको होतं. पुसद रोडला दोन मोटरसायकली भिडल्या. साडू नुकतीच एक बाळंतीण पोचवून आले होते. अंगात तोच पिवळा कुर्ता. गर्दीत घुसले तर लोक त्यांना आत जाऊ देईनात. एकाने दंडाला धरून बाजूला केलं, "ओ नवरदेव, तुमची वरात पुढं गेली असन. इथं अॅम्बुलन्स येऊन राह्यली." साडू ओरडून सांगतायत की अॅम्बुलन्स मीच आणली, आणि लोक म्हणतायत, हे पाहा, नवरदेव अॅम्बुलन्सही घेऊन आलेत! दुसरा एक हुशार मनुष्य गाडी कोणी पळवू नये म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला आणि उतरेना. शेवटी डॉक्टर मॅडम खाली उतरल्या, तेव्हा कुठे रस्ता झाला. जखमी माणूस वाचला. पण त्याचं किती रक्त विनाकारण रस्त्यावर गेलं, हे साडूंनी पाहिलं होतं. त्या दिवशी ते दुकानात आले आणि चहा न पिता गेले.

तक्रार झाली. यवतमाळहून साहेब आले, तारेवरचे हँगर त्यांनी एकेक करून पाहिले, पोपटाच्या शर्टाशी जरा जास्त वेळ थांबले. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "पायलट कोण आहे, हे लोकांना दुरून दिसलं पाहिजे. यापुढे गणवेशाशिवाय दिसलात तर या गाडीवरून उतरवीन." साडूंनी मान डोलावली. मला म्हणाले, "साहेब बरोबर बोलते. मले समजते, पण पटत नाई." शर्टांचं बोचकं घरी आलं. साडू रोज गणवेशात दिसू लागले. माझ्या दुकानात शिवलेले दोन जोड त्यांना इतके चपखल बसले होते की मी येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत असे. साडूंना मात्र एकच घोर लागला होता. दिग्रसची ती गाडी काही झालं तरी जाऊ द्यायची नव्हती.

त्या हिवाळ्यात आम्ही नवराबायको सासुरवाडीला हुरड्याला गेलो होतो. सकाळीच सासूबाईंच्या छातीत कळ आली. चेहरा पांढराफटक, घामाने लुगडं भिजलेलं. मी फोन लावला, आणि गाडी आली ती साडूंचीच. साडू धावत दारात आले, गणवेशात, मागे डॉक्टर मॅडम. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि खाटेचा खूर गच्च धरला. काही वर्षांपूर्वी मामाजींना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, याच दारातून अशाच पांढऱ्या शर्टातल्या एका माणसाने गाडीत घातलं होतं. मामाजी परत आले नव्हते.

"मी नाई येत," त्या म्हणाल्या. "नाईच येत."

"मामी, मी हावो न," साडू म्हणाले. आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतात.

"तू हायस, मले दिसते. पण तो डिरेस हाय न."

मॅडमनी नाडी धरली होती. त्या दबल्या आवाजात म्हणाल्या, "वेळ नाही हो." माझी बायको रडत आईची बोटं सोडवायला लागली, आणि ती म्हातारी त्या कळेतही खूर सोडीना. साडू दारात उभे होते. त्यांचा हात छातीवरच्या नावाच्या पट्टीवर होता. त्या क्षणी त्यांच्या मनात काय चाललं होतं हे मला ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तेच चाललं होतं: यवतमाळ, साहेब, आणि ती गाडी. मग त्यांनी बटणं सोडली आणि मला म्हणाले, "साडभाऊ, तुमचा शर्ट द्या."

मी काडी, ते गाडी. माझा शर्ट त्यांच्या अंगात गेला, पण पोटावर बटणं काही भेटेनात. थंडी कडाक्याची, म्हणून मी नकळत त्यांचा गणवेशाचा शर्ट अंगात चढवला. सासूबाईंनी मला पाहिलं आणि खूर आणखीच घट्ट धरला, "अवो, आता हा आला!" तो शर्ट काढून मी हातात घेतला. उघड्या पोटाचे साडू खाटेशी वाकून म्हणाले, "मामी, चाला. हा साडभाऊचा शर्ट हाय, लवकर वापस करा लागते, नाईतं तुमची मोठी पोरगी बोलन मले." सासूबाईंचे ओठ हलले. हसल्या असाव्यात. बोटं सुटली.

सबंध रस्ता मी मागे बनियनवर कुडकुडत बसलो होतो. पुढून साडू वावरं सांगत होते, तूर कोणाची, हरभरा कोणाचा. आवाजात तसूभर फरक नव्हता. आरशात मात्र त्यांचे डोळे दिसत होते. तेवढा घाबरलेला माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही.

यवतमाळला दवाखान्याच्या पायऱ्यांवर नेमके साहेब उभे. त्यांनी स्ट्रेचर आत जाऊ दिलं. मग साडूंच्या पोटाकडे पाहून म्हणाले, "हे काय?"

"मायबाई गाडीत बसून नोती राह्यली, साहेब."

मी पुढे झालो. "साहेब, त्यांच्या सासूबाई आहेत त्या. घरचा प्रसंग होता."

हे ऐकून साहेबांचा चेहरा सैलावला, मी स्वतः पाहिला. पण साडू माझ्याकडे वळून म्हणाले, "ते कायले सांगता, साडभाऊ? सासू नसती तरी म्या काढला असता." आणि साहेबांना म्हणाले, "खरं सांगतो साहेब, पुढंही काढीन."

देवाने या माणसाला तोंड बंद ठेवण्याची अक्कल दिली असती तर दिग्रसची गाडी आजही त्यांच्याकडे असती. साहेबांनी बोलल्याप्रमाणे केलं. नोकरी घालवली नाही. साडूंची बदली वणीकडे झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिकडे ते गणवेशातच असतात असं ऐकतो. नव्या माणसांत कोणाला कुठला शर्ट धीर देईल, ते कळायला वेळ लागतो म्हणाले. मला त्यांची आठवण येते. दुकानात चहा मागवताना मी अजून दोन सांगतो.

सासूबाई त्या दुखण्यातून उठल्या, पुढचा सगळा उन्हाळा त्यांनी अंगणात पापड वाळवले, आणि दिवाळीच्या आधी एका पहाटे झोपेतच गेल्या. साडूंना निरोप ड्यूटीवर मिळाला. ते तसेच निघाले, एस.टी. बदलत बदलत, आणि संध्याकाळी आले तेव्हा त्यांची वाट पाहत सगळे थांबलेच होते. ते ओट्यापाशी आले आणि तिथेच उभे राहिले. निळी पँट, पांढरा शर्ट, छातीवर नाव. आत सासूबाईंना निजवलेलं होतं. साडू उंबऱ्याकडे बघत होते, पण पाऊल उचलत नव्हते.

माझी बायको बाहेर आली. त्यांच्याकडे बघून तिला सगळं समजलं. "या न जवाईबुवा, आत या," ती म्हणाली. "आता डिरेसले कोण भेते?"

तरी साडूंनी शर्ट काढला, घडी करून ओट्यावर ठेवला, आणि बनियनवर आत गेले.