पालीतलं सगळ्यात जुनं घर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी स्वतःच इतकी हसणार आहे, की तुमची पाळी यायची नाही!

झालं काय, नोकरी सोडून मी आर्किटेक्ट म्हणून स्वतःचं ऑफिस काढलं. कुठे? सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या फ्लॅटच्या डायनिंग टेबलावर! आणि पहिलंच काम आलं ते पालीहून, समुद्रकाठच्या कोळ्यांच्या गावातून. चार भावांचं एक बैठं घर. माणसं वाढली, खोल्या तेवढ्याच. ते पाडून तिथे तीन मजली बिल्डिंग बांधायची, सगळ्यांना परवडतील असे छोटे फ्लॅट काढायचे. थोरले पास्कूअंकल म्हणाले, अट एकच, बिल्डिंग गावातलीच वाटली पाहिजे. माझ्या आधीच्या आर्किटेक्टनं काचेचा डबा काढून आणला होता. त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावला म्हणे. म्हणजे हे काम हातचं गेलं, की माझ्या ऑफिसचं परत डायनिंग टेबल!

मग काय, स्कूटर काढली आणि पालीतल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. जिकडेतिकडे टाइल्स, ग्रिल, निळे पत्रे. जुनं काही उरलंच नाही की काय? तेवढ्यात अगदी टोकाला, समुद्राकडे ते दिसलं. कौलारू छप्पर, कोरीव खांब, लांबलचक ओटा, रंग उडालेली हिरवी दारं. अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं! फाटकाला कुलूप होतं, म्हणून बाहेरूनच भराभर फोटो काढले.

घरी येऊन कामाला लागले. तेच खांब घेतले. तोच ओटा प्रत्येक मजल्यावर गॅलरी म्हणून बसवला, तोही स्वस्तात. नवऱ्याला त्या घराचं इतकं कौतुक ऐकवलं, की तो बिचारा जेवण झालं की गच्चीवर पळायला लागला.

मीटिंगला चारही कुटुंबं हजर. मी भिंतीवर फोटो चिकटवला आणि सुरू झाले. तुमचे पूर्वज, त्यांची कारागिरी, ओट्यावर बसून जाळी विणणारे हात... अंगातच आलं होतं हो माझ्या! समोर सुनांनी ओढण्या तोंडावर धरल्या, खांदे हलायला लागले. मला वाटलं, गहिवरल्या. मी आणखी चेकाळले.

शेवटी पास्कूअंकल उठले. फोटो जवळून पाहिला, मग लांबून पाहिला.

"बाय, हे घर आमचं न्हाय. सिरियलवाल्यांनी उभं केलंय, गेल्या दिवाळीत."

"पण अंकल, ते खांब? ते सागवानी..."

"थर्माकोल हाय," धाकटी सून कशीबशी म्हणाली. "मागं जाऊन बघा ना. नुसते बांबू हायत."

आणि जो काही हशा फुटला! मी मुकाट्यानं ड्रॉइंगची गुंडाळी करायला घेतली. गेलं काम, गेलं ऑफिस.

पण अंकलनी गुंडाळी माझ्या हातून काढून घेतली. चौघा भावांत कुजबुज झाली. गॅलरी हवेशीर होती, खर्च बेतात होता, प्रत्येकाला स्वतंत्र दार मिळत होतं. सुनांनी तर कुठल्या मजल्यावर कोण, तेसुद्धा ठरवून टाकलं.

"आमाला पसंत हाय," अंकल म्हणाले. "फक्त एक काम करशील?"

"सांगा ना!" मी घाईघाईनं पेन उघडलं.

"आमच्या बिल्डिंगला मागची बाजू बी बांध."