ल्यूबेकची कॅसेट

लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि हिंगण्याच्या कारखान्यानं माझ्या नवऱ्याला ट्रेनिंगसाठी जर्मनीत ल्यूबेकला धाडलं. माझ्या नावाचं पत्र मी धडधडत्या काळजानं उघडायची आणि आतून निघायची चर्चं. समुद्राच्या व्यापारावर गब्बर झालेलं जुनं शहर, लाल विटांची चर्चं, त्यांचे आकाशात घुसलेले सात मनोरे. तिथल्या व्यापाऱ्यांनी म्हणे कैक पिढ्यांपूर्वी पदरचा पैसा घालून चर्चमध्ये संध्याकाळचं संगीत सुरू केलं. एका चर्चमध्ये लढाईत बॉम्बनं कोसळलेल्या घंटा जिथे पडून फुटल्या तिथेच अजून ठेवल्यात. सासूबाई म्हणाल्या, "उचलाले माणूस नाही काय तिकडे?"

मला त्या घंटांचं काय! 'तुझी आठवण येते' एवढं लिहायला मात्र या माणसाची शाई पुरत नव्हती.

त्यातच एका पत्रात वाक्य आलं, इथले साहेब राहून जा म्हणतात. पुढे लगेच चर्चमधल्या ऑर्गन वाद्याच्या उंच नळ्यांचं वर्णन. माझं डोकंच सणकलं. आगीत तेल ओतायला शेजारच्या काकू हजर होत्याच. "तिकडे गेलेलं कोणी वापस येते काय वं?"

मग त्याच्यासोबत गेलेला एक जण परतला आणि घरी कॅसेट देऊन गेला. वर चिठ्ठी होती, चर्चमध्ये ऑर्गन ऐकला, बाबांसाठी टेप केलाय. सासरे भजनी मंडळात पेटी वाजवायचे. मांडी घालून, डोळे मिटून ते टेपरेकॉर्डरसमोर बसले. ऑर्गन सुरू झाला तसा आमचा टेपरेकॉर्डर थरथरायला लागला.

"पेटीच आहे," सासऱ्यांनी निकाल दिला. "पण भाता हाणाले हत्ती ठेवला दिसते."

सगळे हसले. मला रडू येत होतं. एवढं सुंदर सोडून हा आमच्या दोन खोल्यांत कशाला परत येईल?

वादन संपलं. टाळी नाही, खोकला नाही, नुसती शांतता. आणि त्या शांततेत माझ्या नवऱ्याचा खणखणीत आवाज.

"वाऽऽ! क्या बात है!"

लगोलग बाकं करकरली. कुणीतरी बाई फिस्कारली, "श्श्श!"

सासरे मांडीवर थाप मारून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "काळजी नको करू, सूनबाई. येते तो वापस. असल्या माणसाले तिकडे कोण ठेवून घेते?"

मी कॅसेट मागे फिरवली. ऑर्गन गेला उडत, मला तेवढंच पुन्हा ऐकायचं होतं.