आमच्या मंडळाची दगडखाण

माणसांना झोपवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. लंडनजवळच्या एका हॉस्पिटलमध्ये मी भूलतज्ज्ञ आहे. त्यामुळे आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांबद्दल मला व्यावसायिक आदर वाटतो. ज्या कामाला मला सुया, नळ्या आणि दोन सहकारी लागतात, ते त्यांना नुसत्या कवितेने जमतं.

अध्यक्षांना सगळे काका म्हणतात. तेही डॉक्टर, आता निवृत्त. अध्यक्ष दर दोन वर्षांनी बदलावा असं मंडळाच्या घटनेत लिहिलेलं आहे. घटना काकांकडे असते. निवडणूक आली की ते स्वतःच "आता तरुणांनी पुढे यावं" म्हणतात आणि पुढे कोण येतंय ते नीट बघून ठेवतात. एकदा एक जण आला होता. तो आता मँचेस्टरला असतो, तिथल्या मंडळात सुखी आहे म्हणतात.

खोटं कशाला बोलू, या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. मी नागपूरहून आले तेव्हा पहिले दोन महिने त्यांच्या पिनरच्या घरी राहिले, काकूंच्या हातचं वरण-भात जेवले. आणि मिंधा माणूस "वा!" म्हणायला फार लवकर शिकतो.

मी चुकले ते एकदाच, चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीला. रात्रपाळी संपवून सरळ कार्यक्रमाला, मंडळ भाड्याने घेतं त्या शाळेच्या हॉलवर आले होते. काकांनी कविता वाचली आणि विचारलं, "कशी वाटली?" मी म्हणाले, "छान, काका. थोडी लांब झाली."

पुढच्या कार्यक्रमाला माझं सूत्रसंचालन गेलं आणि अंगावर चमकत्या पट्ट्यांचं पिवळं हाय-व्हिज जॅकेट आलं. "पार्किंगला तुझ्यासारखी जबाबदार व्यक्तीच हवी," काका म्हणाले. दोन दिवाळ्या आणि एक संक्रांत मी त्या शाळेच्या कार पार्कमध्ये पावसात उभी राहून काढल्या. शेवटी त्यांच्या पाडव्याच्या कवितेखाली ग्रुपवर "वा! वा! अप्रतिम!" लिहून चार नमस्कार टाकले, तेव्हा कुठे मला आत घेतलं.

यंदा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत प्राचीन ग्रीस आला. एका टायरंटची माहिती लिहून आणायची होती.

"आई, टायरंटला मराठीत काय म्हणतात?"

"जुलमी राजा," मी म्हटलं.

"अध्यक्ष," नवरा किचनमधून म्हणाला.

तिने निवडलेला राजा सिराक्यूज नावाच्या ग्रीक शहराचा. सुरुवातीला साधा कारकून होता. शत्रू आला, शत्रू आला म्हणून त्याने गावाला घाबरवलं, स्वतःसाठी अंगरक्षक मागून घेतले आणि मग गावालाच त्यांचा धाक दाखवला. गावाला भक्कम तटबंदी बांधून दिली, हेही सांगायला हवं. पण न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी नको म्हणून म्हणे त्याच्या मुली गरम केलेल्या अक्रोडाच्या टरफलांनी त्याची दाढी जाळायच्या. पलंगाभोवती खंदक होता. इतकं सगळं असून त्या माणसाला हवं काय होतं? तर कवी म्हणून नाव! जेवायला बोलवायचा आणि कविता ऐकवायचा. एका खऱ्या कवीने "जमली नाही" म्हटलं, तर त्याला दगडाच्या खाणीत पाठवलं. मित्रांनी रदबदली केली, त्याला परत आणलं, आणि राजाने नवी कविता वाचली. कवीने ती ऐकली आणि तो पहारेकऱ्यांना म्हणाला, "मला खाणीत परत न्या."

मुलगी हसून हसून सोफ्यावरून खाली पडली. मला हसू येईना. मला त्या कवीच्या अंगावर पिवळं जॅकेट दिसत होतं.

ही गोष्ट मंडळाच्या गणपतीत मराठीतून सांगायची, हे तिनेच ठरवलं. ते ऐकून मला भरून आलं. दोन वर्षांपूर्वी स्टेजवर ती "माझा आजी नागपूरला राहतो" म्हणाली होती आणि सगळा हॉल हसला होता. प्रेमानेच, पण हसला. त्या दिवसापासून तिने मराठी बोलणं सोडलं. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. आजी-नातीचा फोन "हाय आजी, बाय आजी" एवढ्यावर आला. एकदा आईने मला विचारलं, "ती मला ओळखते ना गं?" मी हॉस्पिटलच्या चेंजिंग रूममध्ये बसून रडले.

म्हणून तीन आठवडे स्टॅनमोरचं आमचं घर ते तिची शाळा आणि शाळा ते स्टॅनमोर, आमचे गाडीत पाढे चालू होते: तो राजा, ती दाढी, ते टरफल, ती कविता, ती खाण.

रविवारी दुपारी तालीम होती. तिने पूर्ण गोष्ट एकही चूक न करता सांगितली. काका म्हणाले, "छान, बेटा. पण गणपतीसमोर ग्रीक कशाला? आपली संस्कृती काय कमी आहे? त्यापेक्षा तू माझी कविता म्हण." आणि नमुन्यादाखल त्यांनी ती वाचून दाखवली. थेम्स नदी नऊवारी नेसून गोदावरीला भेटायला निघते, अशी कल्पना. चौदावं कडवं आलं तरी थेम्सचा काष्टा घालून झाला नव्हता.

"कशी वाटली?"

"वा!" हॉल म्हणाला. मीही म्हणाले. लिहायला लाज वाटते, पण म्हणाले.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. काका खाली वाकले. "आणि तुला कशी वाटली, बेटा?"

तिचे ओठ हलले. ती मनात "ती कविता" म्हणून बघत होती, हे मला कळलं.

"बरी नाहीये," ती म्हणाली.

लिंग, क्रियापद, सगळं चोख. मग खुर्च्या लावणाऱ्या एक मावशी पुढे धावल्या. "अगं बाई, बरं नाहीये का तुला?"

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. कुणी पाणी आणलं, कुणी केळं. काकांनी तिच्या कपाळावर हात ठेवून "ताप नाही," असं तज्ज्ञ मत दिलं. मराठी भाषेने सगळ्यांसाठी मागचं दार उघडून ठेवलं होतं आणि सगळे त्यातून पळत सुटले होते. मला फक्त मान हलवायची होती. चार वर्षं मी दुसरं काय केलं होतं?

मुलगी हातात केळं घेऊन उभी होती. चुकीचं बोलली तेव्हा हसले, आता बरोबर बोलली तर आजारी ठरवली. आज मी मान हलवली असती, तर तिने पुन्हा मराठीत तोंड उघडलं नसतं.

"तिला काही झालेलं नाही, काका," मी म्हणाले. "ती कवितेबद्दल बोलतेय. आणि बरोबर बोलतेय." आणि लगेच विचारलं, "जॅकेटं कुठे ठेवलीत?"

काकांनी कागदाची घडी घातली. "लहान मापाचं नाहीये मंडळाकडे," ते एवढंच म्हणाले.

गणपतीच्या दिवशी मुलीचं जॅकेट घोट्यापर्यंत येत होतं. गाड्या लागल्या, आत आरती सुरू झाली. आम्ही माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावला आणि दोन गाड्यांच्या मधे उभं राहून मुलीने आख्खी गोष्ट सांगितली. "राजाचा दाढी जाळला" म्हणाली. आई कुठेही थांबवत नव्हती, मीही नाही.

"मग त्या राजाचं पुढे काय झालं गं?" आईने विचारलं.

"त्याला लास्टमध्ये कवितेचा प्राइज मिळाला, आजी. मग त्याने खूप पार्टी केली आणि तो मेला."

"अगोबाई! असल्या कवितेला बक्षीस? कुणी दिलं?"

मुलीने जरा विचार केला. "असेल कोणीतरी," ती म्हणाली, "आईसारखा."

वाक्यात चूक होती, पण फक्त लिंगाची.