हाताची शाई

ज्यांना कशाचीच किळस येत नाही, अशा माणसांत माझी सगळी नोकरी गेली. म्हणून घाणकाका विसरता येत नाहीत. त्यांना सगळ्याचीच किळस यायची. कुणी तार लोंबती सोडली, नोंदवहीत खाडाखोड केली, यंत्राच्या खोलीत भजी आणली, की कारलं चावल्यासारखं तोंड करून म्हणायचे, "शी! घाण करून ठेवली गा!" खरं आडनाव वेगळं, पण आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते घाणकाकाच.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि आमच्याकडे नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसलं होतं. त्याला दोन संगणक. एक फोन जोडायचा, दुसरा शेजारी तयार उभा. पहिला बंद पडला तर दुसऱ्यानं तिथल्या तिथे काम उचलायचं. काका सुपरवायझर, मी ज्युनियर इंजिनिअर. खंडेनवमीला लोक यंत्रं बंद ठेवून पुजतात, पण शहराचे फोन कसे बंद ठेवणार? काका नवमीला एका संगणकाला हार घालायचे, दसऱ्याला दुसऱ्याला. ज्याची पूजा त्याला सुट्टी, दुसरा कामावर. हळदकुंकू तेवढं संगणकाच्या कपाटाच्या दारालाच. आत कण गेला तर आमची खैर नसे.

नवा प्रोग्रॅम टाकायची त्यांची रीतही हीच. "पयले एकात टाक. तीन दिवस गावाले त्याच्यावर बोलू दे. मंग दुसऱ्याले हात लाव. दोघंबी एकाच वक्ती आजारी पाडले, त पानी कोन पाजन गा?" पहिला संगणक सुरू झाला की ते सक्करदऱ्याला घरी फोन लावायचे. काकूंना जरा कमी ऐकू यायचं. "आवाज येऊन राहिला काय वं?" तिकडून "येऊन राहिला" आलं की मगच वहीत सही. "हिले ऐकू आलं म्हंजे नागपूरले ऐकू आलं," म्हणायचे.

मग नवे साहेब आले. दसऱ्याला वरचे मोठे अधिकारी येणार होते. साहेबांना दोन्ही संगणकांवर नवा प्रोग्रॅम त्यांच्याच हातून सुरू करायचा होता, आणि तोही मुहूर्तावर, बाराच्या आत. काकांनी तीन पानी योजना लिहून दिली : आज हा, तीन दिवसांनी तो, बिघडलंच तर जुन्या प्रोग्रॅमची टेप. साहेबांनी त्या कागदांवर चहाचा कप ठेवला. वर हुकूम काढला, की जुनी टेप पुसून वापरात घ्या. काकांनी कामाच्या कागदावर सही करायचं साफ नाकारलं. "हे घाण माह्या सहीनं नाही होनार." निवृत्तीला तीन महिने उरलेल्या माणसाला साहेबांनी सक्तीनं रजेवर पाठवलं. कागद माझ्यापुढे आला, मी सही केली. बढतीची यादी निघायची होती ना!

हार झाले, पेढे झाले, बटण दाबलं गेलं. दहा मिनिटांत पहिला संगणक बंद पडला. दुसऱ्यानं इमानेइतबारे काम उचललं आणि तीच चूक करून तोही बंद पडला. दवाखाने, अग्निशमन, सगळे मुके. साहेब मला विचारत होते, "जुनी टेप कुठाय?" ती पुसायला त्यांनीच सांगितली होती, हे बोलायची माझ्यात धमक नव्हती.

तेवढ्यात काका आले, सायकलवरून, घामाघूम. घरच्या फोनला सूर नाही म्हटल्यावर त्यांनी ओळखलं होतं. पिशवीतून धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली जुनी टेप निघाली. पुसायला दिलेली ती त्यांनी घरी नेऊन जपली होती. एकाच संगणकात ती चढवली आणि फोन लावला. "आवाज येऊन राहिला काय वं?"

शहर वाचलं. चौकशीत मात्र दोषी ठरले काका : सरकारी टेप परवानगीवाचून घरी नेली. अहवालाखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. टेप नेली हे तर खरंच होतं, असं मी स्वतःला समजावलं. थू माझ्या खरेपणावर!

काकांना निरोप समारंभही मिळाला नाही. शेवटच्या दिवशी मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. "राहू दे गा. हाताची शाई वाळू दे पयले."

पुढे मीच तिथला प्रमुख झालो. काका तोवर गेले होते. पहिल्यांदा माझ्या हुकमानं प्रोग्रॅम बदलायचा होता, तेव्हा मी एकाच संगणकात टाकला आणि सक्करदऱ्याचा नंबर फिरवला.

"काकू, आवाज येतोय का?"

"कोन बोलून राहिले?"

मी नाव सांगितलं.

"त्या कागदावर सही करनारे?"

"हो."

"येऊन राहिला," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.