यादम्माचं फाटक

नोकरीत चाळीस वर्षं मी फायली जमवल्या, आता किस्से जमतायत. फायलींना निदान वाळवी तरी लागायची.

नल्लकुंट्यातल्या आमच्या बागेत मुलांचं खेळघर आहे. रोज चार ते सहा यादम्मा मुलांवर लक्ष ठेवते. खर्चकपातीत महापालिकेने ठरवलं, घसरगुंडी राहील, यादम्मा जाईल. माझे शेजारी गायकवाड मूळचे नांदेडचे. त्यांची सून एकटीच कमावती, हॉस्पिटलात नर्स. नात ओवी याच खेळघरात; तिच्यामागे धावायला गायकवाडांचे गुडघे साथ देत नाहीत. यादम्मा गेली की सुनेची नोकरीही गेली. म्हणून आम्ही समिती काढली. अध्यक्ष गायकवाड, चिटणीस मी, आणि उत्साह केतकीचा. केतकी पुण्याची, आयटीतली.

*

पहिला अर्ज मी लिहिला. पाच पानं, कलमवार. शेवटी हाताच्या सवयीने लिहून गेलो, 'योग्य ती कार्यवाही व्हावी.'

पंधरा दिवसांत उत्तर आलं. 'आपल्या अर्जानुसार योग्य ती कार्यवाही सुरू केली आहे.' दुसऱ्या दिवशी फाटकावर नोटीस, लवकरच देखरेख बंद!

केतकी म्हणाली, "काका, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?"

*

मग केतकीने ऑनलाइन सह्या गोळा केल्या. दोन दिवसांत ढीगभर. आम्ही छापील यादी घेऊन अधिकाऱ्यांकडे गेलो. साहेबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. निम्म्या सह्या सिडनी आणि न्यू जर्सीच्या.

"यांची मुलं संध्याकाळी चारला इथे कशी येतात?" त्यांनी विचारलं.

*

साहेब पाहणीला आले ते सकाळी अकराला. अहवाल दिला, 'एकही मूल आढळले नाही.'

मी म्हटलं, साहेब, त्या वेळी मुलं शाळेत असतात.

"शाळा माझ्या खात्यात येत नाही," साहेब म्हणाले.

*

दुसरी पाहणी कळवून, साडेचारला. आम्ही कंबर कसली. आयांनी मुलांना तेल लावून, भांग पाडून, इस्त्रीच्या कपड्यांत ओळीने बसवलं. तोंडावर बोट. साहेब अर्धा तास पाहत राहिले आणि लिहून गेले, 'येथे खेळ चालत नाही.'

यादम्मा आमच्यावरच उखडली. "आधे घंटे में एक बच्चा गिरा तक नै! ऐसा होता क्या खेल?"

*

तिसऱ्या वेळी साहेब न कळवता आले, पावणेसहाला. हातात फॉर्म. 'देखरेखीची आवश्यकता आहे काय?' यापुढे 'नाही' आधीच टाइप केलेलं. सहीच राहिली होती.

सहाला यादम्माने फाटकाला कुलूप लावलं. तिचा नियमच आहे. मुलं मोजायची, आकडा जुळला तरच फाटक उघडायचं. त्या दिवशी आली होती तेवीस. भरली बावीस. तिने पुन्हा मोजली. बावीस.

साहेबांना मीटिंग होती. त्यांनी फाटक उघडायला सांगितलं.

"गिनती पूरी हुए बगैर नै खुलता, साब."

"मैं अफसर हूं."

"हौ साब. बैठो."

ओवी नव्हती. गायकवाड झाडामागे, संडासात, पुन्हा झाडामागे बघत होते. बागेला लागून नाला आहे, तिथली जाळी गेल्या वर्षीच तुटलीय. त्याचं नाव कुणी काढत नव्हतं, पण बघत सगळे तिकडेच होते. यादम्मा तेवढी जागेवर उभी राहून एकेका मुलाला विचारत होती, ओवीला शेवटचं कुठे पाहिलं? एका मुलीने खेळायच्या सिमेंटच्या पाइपाकडे बोट दाखवलं.

साहेब सगळ्यात जवळ होते. फॉर्म बाकावर टाकून ते गुडघ्यांवर बसले, मग खांद्यापर्यंत आत गेले. बाहेर आले ते झोपलेल्या ओवीला घेऊन. शर्ट मातीने भरलेला. गायकवाडांनी नात घेतली.

यादम्माने मोजलं. तेवीस. कमरेची किल्ली काढून तिने कुलपाला लावली.

"जाओ साब, मीटिंग है ना."

साहेब हलले नाहीत.

"रुको अम्मा," ते म्हणाले. "एक बार और गिनो."