विसाव्याले थांबायचं

अकोल्याच्या एका दवाखान्यात मी दहा वर्षं रुग्णवाहिका चालवली. मंग बायकोची बदली अमरावतीले झाली, ती नर्स आहे, आन् मी बिऱ्हाडासंगं इकडं आलो. इथं काम भेटलं ते एका संस्थेच्या शववाहिकेवर. घरी कोणाले आवडलं नाही. सासूबाईनं तर माझ्याशी धड बोलणंच टाकलं. मी म्हटलं, राजेहो, जिते माणसं नेत होतो तवा कोणी हार घातले होते काय? मेलेल्याले नेणारा बी कोणीतरी लागतेच.

पहिल्या दिवशी काम समजावून सांगाले एक म्हातारे ड्रायव्हर होते. सारे त्याईले चाचा म्हणत. ते मुसलमान, मी बौद्ध, आन् गाडीत जास्त करून जाणार हिंदू. म्हणजे शिकणं भागच होतं. सायरन नाही, हॉर्न नाही, गाडीत गाणं नाही. दारात गाडी लावून लोकाईले घाई करायची नाही. त्या घरून निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, मुकाट्यानं निघायचं. मले मनातून राग येऊन राह्यला होता. दहा वर्षं गाडी हाणलेल्या माणसाले हे काय शिकवून राह्यले! पण चाचा बोलत होते नमाजाले बसल्यासारखे शांत, त्यामुळं मी बी गप ऐकलं.

दुपारी बोलावणं आलं. एक म्हातारे मास्तर आदल्या संध्याकाळी वारले होते. त्याईची एकुलती एक पोरगी धारणीले दिलेली. ती पहाटेच निघाली, पण घाटात जीप बंद पडली, मंग कुठून तरी बस भेटली. घरचे सकाळपासून तिच्यासाठी थांबले होते. आता मोठी मंडळी म्हणत होती का दिवस कलून राह्यला, किती वेळ ठेवता? फोनवर पोरगी रडून राह्यली होती, मले पाहू द्या म्हणत होती.

शेवटी असं ठरलं का बस वलगावच्या पुढं आली आहे, तिनं परतवाडा रोडवरच्या चौकात उतरावं, आन् विसावा तिथंच घ्यावा. विसावा म्हणजे अर्ध्या वाटेत तिरडी घडीभर खाली ठेवतात. घरी पोचू न शकलेल्या माणसाले तिथंच तोंड पाहाले भेटते. त्या घरच्या बाया विसाव्याच्या पुढं जात नव्हत्या. म्हणजे तिनं बापाले पाहायचं तर तिथंच, नाही तर कधीच नाही.

चाचा म्हणाले, ते मागं लोकाईत बसतील, मागं बसल्याबिगर नवा ड्रायव्हर गाडी कशी चालवते ते कळत नाही. चौक आला का ते काचेवर ठोकतील, मी थांबायचं. मी हो म्हटलं. त्यात काय समजायचं होतं?

मोटरसायकलीवाले सरण रचाले पुढं गेले. मी हळूच गाडी काढली. चौक जवळ आला आन् मागून काचेवर टकटक झाली. आता कसं सांगू! रुग्णवाहिकेत मागून काच वाजली का तिचा एकच अर्थ, पेशंट जाऊन राह्यला, दाब. दहा वर्षं मी तेच ऐकत आलो. डोक्यात ‘थांब’ यायच्या आधी पायानं ॲक्सिलेटर दाबला होता. काच अजून जोरात वाजली, मी अजून दाबला. रस्त्याच्या कडेले पिशवी घेतलेली एक बाई हात दाखवत उभी होती. ती बी दिसली मले. हात दाखवणाऱ्याले मागं टाकायचीच सवय होती, तिलेही टाकलं.

“अरे रोक!” चाचा मागून ओरडले तवा मी भानावर आलो. चौक केव्हाचा मागं गेला होता.

मी घाईघाईनं रिव्हर्स टाकाले गेलो. मास्तराचे चुलतभाऊ आतून म्हणाले, मागं नाही, तिरडी मागं फिरवत नसतात. मले चीड आली, पण त्याईच्या घरचं मयत, त्याईचा रिवाज. आरशात ती पिशवीवाली, मास्तराची पोरगी, पळत येताना दिसत होती. अकोल्यात असे नातेवाईक मी किती वेळा आरशात पाह्यले असन, कधी थांबलो नाही, आन् नाही थांबलो तेच बरोबर होतं. आज थांबून तिची वाट पाहण्याबिगर माझ्या हातात काहीच नव्हतं. मी चाबी फिरवून गाडी बंद केली. लाज वाटली मले, साफ सांगतो, जमीन फाटून पोटात घेईन तर बरं असं झालं.

माणसाईनं तिरडी उतरवून रस्त्याच्या कडेले ठेवली. ती आली तवा एका पायात चप्पल नव्हती. भावकीतल्या एकानं चेहऱ्यावरचं कापड बाजूले केलं. ती मातीत बसली, पदरानं बापाचं कपाळ पुसलं, मंग गाल पुसले, आन् बसूनच राह्यली. चुलतभाऊ दिवसाकडं पाहून राह्यले होते. चाचा जाऊन त्याईच्या बाजूले उभे राह्यले, तवा तेही काही बोलले नाहीत. ती आपल्या मनानंच उठली.

तिरडी आत ठेवली, दार लागलं. मी स्टेअरिंगवर हात ठेवून बसलो होतो, तं ती माझ्या खिडकीपाशी आली. म्हटलं, आता ही मले शिव्या देईन, आन् द्यायलेच पाहिजे. तिच्याकडं पाहायची बी हिंमत होत नव्हती.

“दादा,” ती म्हणाली, “हळू न्या. बाबाले गाडी लागते.”

मी चाबी फिरवून गाडी चालू केली. मी पहिला गिअर टाकला, आन् स्मशान येईपर्यंत दुसरा टाकलाच नाही.